अंगावर जाणं आणि दवाखान्याची पायरी

पाळीत जाणारे रक्त दिसायला पुष्कळ दिसते, पण मोजले तर ते बहुतेक बायकांत तीस-चाळीस मिलिलिटर भरते. म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. एका पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर रक्त गेले तर ते जास्त समजावे, ही रेघ १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या मोजमापातून आली. तिथे बायकांकडून वापरलेले पॅड गोळा करून त्यांतले रक्त प्रयोगशाळेत मोजले होते. दवाखान्यात असे कोणी मोजत नाही आणि मोजायचे कारणही नसते. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शिकेत मिलिलिटरचा हट्ट सोडून दिला. ज्या रक्तस्रावाने बाईचे रोजचे जगणे, काम, मन यांत अडथळा येतो तो जास्त, अशी साधी व्याख्या तिने केली.

व्याख्या शहाणपणाची आहे, पण ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत ती तेवढ्याने पुरत नाही. अडथळा होतो आहे हेच पुष्कळ बायकांना जाणवलेले नसते. आईचे असेच होते, थोरल्या बहिणीचे असेच होते, सासूही म्हणते की आमचेही असेच जायचे. त्यामुळे ‘पाळी कशी आहे?’ या प्रश्नाला ठरलेले उत्तर येते, ‘बरी आहे की.’ अनुभवी नर्सेस हा प्रश्न विचारतच नाहीत. त्या घड्यांपासून सुरुवात करतात.

‘मावशी, दिवसाला घड्या किती लागतात?’

‘चार. कधी पाच.’

‘आणि रात्री उठावं लागतं?’

‘उठावं तर लागतंच. दोनदा तरी. नाही तर सतरंजीपातूर जातं.’

‘गाठी पडतात?’

‘पडतात ना. लिंबाएवढ्या.’

एवढे बोलणे झाल्यावर केसपेपरवर लिहायला पुरेसे असते. दर तासा-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावे लागणे, पॅडवर पुन्हा कापड घेणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, सात-आठ दिवसांच्या पुढे जात राहणे, रात्री अंथरूण खराब होणे, त्या दिवसांत एसटीचा प्रवास किंवा लग्नघर टाळणे, फक्त गडद रंगाची साडी नेसणे, यांतली एक-दोन उत्तरे ‘हो’ आली की पुढची तपासणी करायलाच हवी. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी यासाठी चित्रांचा एक तक्ताही काढला. थोडे डागलेले पॅड एक गुण, मध्यम पाच, पूर्ण भिजलेले वीस. बेरीज शंभराच्या वर गेली की रक्तस्राव बहुधा ऐंशी मिलिलिटरच्या पुढे आहे असे धरतात. कापड वापरणाऱ्या बाईसाठी हा तक्ता अडखळतो, कारण घडी किती पदरी आहे यावर सारे अवलंबून. तिथे सिस्टरचे प्रश्नच जास्त उपयोगी पडतात.

दवाखान्याची पायरी चढणारी बाई बहुधा अंगावरून जाण्यासाठी आलेली नसते. ती आलेली असते दम लागतो म्हणून, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून, पायात गोळे येतात म्हणून. काही जणी माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात म्हणून लाजत बोलतात. शरीरातले लोह अगदी संपत आले की अशी खाण्याची ओढ लागते. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते आणि तरी ती घरचे, शेतातले सगळे करत असते, कारण उतार हळूहळू झाल्याने शरीर त्याच्याशी जुळवून घेत गेलेले असते. हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटर रक्तातून सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. ऐंशी मिलिलिटर गेले तर चाळीस मिलिग्रॅम. रोजच्या जेवणातून अंगी लागणारे लोह जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आणि त्यातलेही एक मिलिग्रॅम त्वचा-आतड्यांतून रोज गळतेच. दर महिन्याला खर्च जमेहून मोठा राहिला की साठा रिकामा होणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळा पाळीमुळे नव्हे, हे खरे. पण रक्तवाढीच्या गोळ्या लिहून देताना पाळीची चौकशी न करणे म्हणजे गळके भांडे न पाहता त्यात पाणी ओतत राहणे.

कारणांचा विचार वय पाहून करावा लागतो, मात्र त्याआधी एक गोष्ट सर्व वयांना लागू आहे. पाळी येणाऱ्या कोणत्याही बाईला जास्त रक्त जात असेल तर सर्वांत आधी लघवीची गर्भाची तपासणी करावी. नसबंदीचे ऑपरेशन झालेले असले तरी. पाळी चुकली, मग एकदम भरपूर अंगावर गेले, अशी हकिगत पुष्कळदा गर्भपाताची असते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनी अर्धवट झालेला गर्भपात हे तर नेहमीचेच कारण झाले आहे, आणि नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना ते तोंडातून निघत नाही. म्हणून सोबत्यांना क्षणभर बाहेर बसवून बाईशी एकांतात बोलणे ही सौजन्याची बाब नाही, तपासणीचाच भाग आहे. गर्भ नळीत राहिलेला असेल तर पोटात रक्तस्राव होऊन जीवही जातो.

नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींत पहिली दोन-तीन वर्षे दर महिन्याला बीज सुटतेच असे नाही. बीज सुटले नाही की गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि मग ते ढासळते तेव्हा दहा-पंधरा दिवस जात राहते. बहुतेक मुलींचे हे आपोआप सुधारते, म्हणून ‘लहान आहे, होईल नीट’ असे सांगून परत पाठवण्याची सवय लागते. या सवयीत एक मोठी गफलत लपलेली असते. पहिल्याच पाळीपासून धो-धो जाणाऱ्या मुलींमध्ये काही जणींना रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष असतो. आठवी-नववीतली मुलगी, चेहरा पांढराफटक, हिमोग्लोबिन चारच्या आसपास, आईबरोबर आलेली. आईच्या मते अंगात उष्णता जास्त आहे, गुलकंद आणि सब्जा देऊन झाला. नाकातून रक्त येते का, दात काढला तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला का, जरा आपटले तर निळे डाग उठतात का, असे विचारत गेले की ‘हो, तिच्या मामालाही असंच होतं’ असे एक वाक्य निघते आणि निदानाची दिशा बदलते. या आजारांतला सर्वांत जास्त आढळणारा फॉन विलेब्रांड यांच्या नावाने ओळखला जातो. या फिनिश डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाचे वर्णन केले. त्यांनी तपासलेली पाच वर्षांची मुलगी पुढे किशोरवयात, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने दगावली. आज अशा मुलीला औषधे आहेत. अट एवढीच की तो प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

विशी ते चाळिशीच्या बायकांत यादी लांबते. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने कारणांची नऊ गटांत मांडणी केली. त्यांतले चार गट डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे: अस्तरातला मोड म्हणजे पॉलिप, स्नायूंत शिरलेले अस्तर, फायब्रॉइडच्या गाठी आणि कर्करोग किंवा त्याआधीची अस्तरवाढ. उरलेले रक्त गोठण्याचे, बीज सुटण्याचे, अस्तराच्या कामाचे, औषधोपचारांमुळे झालेले आणि कुठेच न बसणारे. फायब्रॉइड सर्वांत ओळखीचे. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांत लहानमोठ्या गाठी असतातच आणि पुष्कळींना त्यांचा काहीच त्रास नसतो. किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे. बाहेरच्या अंगाची लिंबाएवढी गाठ गप्प बसते, तर आतल्या पोकळीत डोकावणारी वाटाण्याएवढी गाठ बाईला रक्ताळून टाकते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फायब्रॉइड’ हा शब्द दिसला म्हणून तोच दोषी असे धरता येत नाही. स्नायूंत अस्तर शिरले असेल तर रक्ताबरोबर कळा असतात, त्याही पाळीच्या आधीपासून, आणि गर्भाशय सर्व बाजूंनी फुगलेले लागते.

तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जास्त जाते. तांबी बसवतानाच हे सांगितले नाही तर बाई घाबरून ती काढून घेते किंवा कोणालाच न सांगता सोसत राहते. थायरॉईड मंदावले तरी पाळी वाढते. त्यासोबत वजन, बद्धकोष्ठ, केस गळणे असते, पण यातले प्रत्येक लक्षण बाई वेगवेगळ्या ठिकाणी दाखवत असल्याने जोडणी होत नाही. हृदयाची झडप बदललेल्या बायका रक्त पातळ करणारी गोळी घेत असतात. पाळी वाढली की ती गोळी परस्पर बंद करू नये, त्यातून झडपेवर गुठळी होण्याचा धोका असतो. हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायची ती गोष्ट.

आणि मग पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गौरी-गणपती, नवरात्र, वारी, घरचे लग्न, वास्तुशांत. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय या गोळ्या मिळतात आणि सणाच्या आधी त्यांची मागणी वाढलेली दुकानदार सांगतात. नोरेथिस्टेरॉन हे त्यातले संप्रेरक. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून नियमाने घेतले तर ते पाळी थांबवते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्तच. घोटाळा वेगळाच होतो. गोळी उशिरा सुरू केली जाते, मध्येच चुकते, गौरी जेवल्या म्हणून अर्ध्यात बंद होते आणि लगेच पुढच्या आठवड्यातल्या कार्यासाठी पुन्हा चालू होते. सणानंतरच्या आठवड्यात स्त्रीरोग ओपीडीत ‘थांबतच नाही’ म्हणणाऱ्या बायकांची जी रांग लागते तिच्यात अशा बऱ्याच जणी असतात. देवासाठी गोळी घेतली हे त्या सांगतात, पण औषध घेतले असे म्हणत नाहीत. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ याचे उत्तर ‘काही नाही’ असेच येते. वर्षातून एकदा, सल्ल्याने घेतलेल्या गोळ्यांनी निरोगी बाईचे बहुधा काही बिघडत नाही. पायात रक्ताची गुठळी झालेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईने मात्र त्या घेऊच नयेत.

चाळिशी ओलांडली की विचारांचा क्रम बदलतो. पाळी जायच्या आधी ती अशीच वेडीवाकडी होते, हा समज अर्धाच खरा आहे. पाळी जायच्या वाटेवर ती लांबते, आटते, तारखा चुकवते. नुसतीच वाढत असेल, मधल्या दिवसांत डाग पडत असतील, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला हवा. लठ्ठपणा, मधुमेह किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर अधिकच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा दिसलेला एक थेंबही तपासणीशिवाय सोडू नये. दर वेळी कर्करोग निघत नाही, बहुतेकदा निघत नाहीच, पण निघाला तर लवकर सापडतो. ‘पुन्हा पाळी सुरू झाली, अंगात रक्त आहे अजून’ असे कौतुकाने सांगणाऱ्या आजी ओपीडीत येतात तेव्हा नर्सेस त्यांना त्याच दिवशी पुढे पाठवतात.

संबंधानंतर रक्त दिसणे ही खूण निराळी, तिथे गर्भाशयाच्या मुखाकडे पाहावे लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबाबत जगाला मिळालेला एक मोठा पुरावा मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदा केलेली तपासणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. त्याच भागातल्या बायकांना हे आजही फारसे माहीत नसते.

तपासण्या फार नसतात. हिमोग्लोबिन, गर्भाची चाचणी, गरजेप्रमाणे थायरॉईड, सोनोग्राफी, मुखाची पाहणी, चाळिशीनंतर अस्तराचा तुकडा, मुलींमध्ये रक्त गोठण्याच्या चाचण्या. एक गैरसमज मात्र सगळ्यांची गाडी अडवतो. पाळी चालू असताना तपासत नाहीत, असे मानून बायका रक्त थांबण्याची वाट पाहतात आणि कोरड्या दिवसांत येतात. भरपूर जात असेल तर त्याच दिवसांत यावे. तासाला एक पॅड भिजत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, छाती धडधडत असेल, तर रात्रीही यावे. येताना पाळीच्या तारखा लिहिलेली कॅलेंडरची पाने, चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट आणले तर निम्मे काम होते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनने मारलेल्या फुल्या डॉक्टरांना फार आवडतात.

उपचार कारणाला जोडलेले असतात. गाठ नसेल, कर्करोग नसेल, तर पहिली पायरी औषधांची. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे जपानमधल्या उताको ओकामोतो यांनी पती शोसुके यांच्याबरोबर शोधलेले औषध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते फक्त रक्त जाण्याच्या दिवसांतच घ्यायचे असते आणि रक्तस्राव साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांनी कमी करते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन ही गोळी १९९१ पासून ‘सहेली’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून आली, सरकारी केंद्रांवर ती ‘छाया’ म्हणून मिळते. वाढलेल्या पाळीसाठीही डॉक्टर ती वेगळ्या मात्रेत देतात. संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवली तर रक्त कित्येक जणींत नाममात्र उरते आणि ती काही वर्षे चालते, फक्त सुरुवातीचे महिने डाग पडतात. किंमत हाच तिचा अडसर. ‘पिशवी धुणं’ म्हणजे क्युरेटिंग, याने तात्पुरते थांबते, पण तो कायमचा इलाज नव्हे. त्याचा खरा उपयोग तपासणीसाठी अस्तर मिळवणे हा.

एवढ्या पायऱ्या असताना पुष्कळ बायकांना थेट शेवटच्या पायरीवर नेले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये झाली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जवळजवळ सहांतली एक. यामागचे गणित फडावर गेल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कोपीत मुक्काम, आंघोळीला आडोसा नाही, कपडे बदलायला जागा नाही. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. अशा वेळी दर महिन्याचे तीन-चार दिवस काम सोडायचे की पिशवीच काढून टाकायची, असा हिशेब पुढे येतो. त्यात कोणी ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले की निर्णय झालाच. नुसते पांढरे जाणे, जे औषधाने बरे होते, तेही कारण म्हणून पुरलेले आहे. पंचविशी-तिशीत शस्त्रक्रिया, सोबत अंडाशय गेले असेल तर अंगातून वाफा, हाडे ठिसूळ, सांधे दुखणे, आणि त्यासाठी पुन्हा उचल. वेदना कमी झाली असे सांगणाऱ्या बायकाही भेटतात. काहींना ती शस्त्रक्रिया खरोखर हवी होती, पण त्या कोणत्या, हे आधी तपासले गेले नव्हते.

या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्धच्या जनहित याचिकेवर निकाल देताना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असे सांगितले. बाईच्या हातात त्याआधीही काही गोष्टी असतात. कोणत्या कारणासाठी काढणार ते कागदावर लिहून मागणे, तुकड्याचा रिपोर्ट पाहणे, औषधे किती महिने देऊन पाहिली ते विचारणे, अंडाशय ठेवणार का ते विचारणे, दुसऱ्या डॉक्टरांकडे तोच कागद नेणे. कर्करोग, औषधाला न जुमानणाऱ्या मोठ्या गाठी, मुले झालेल्या बाईचा असह्य त्रास आणि तिची स्वतःची इच्छा, ही शस्त्रक्रियेची रास्त कारणे आहेत. दवाखान्यातली तारीख मोकळी असणे हे नाही.

रक्त थांबले म्हणजे उपचार संपला, असे रुग्ण आणि कधी डॉक्टरही समजतात. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन बारावर आल्यावरही आणखी तीन महिने घ्याव्या लागतात, तेव्हा कुठे रिकामा झालेला साठा भरतो. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. लिंबूपाणी किंवा पेरूबरोबर जास्त लागते. शौच काळे होते, ते गोळीनेच, घाबरायचे नाही. गोळ्यांनी पोट बिघडणाऱ्या बाईला एक दिवसाआड द्याव्यात, पण बंद करू नयेत. त्याही पचत नसतील किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर शिरेतून देण्याचे लोह जिल्हा रुग्णालयात मिळते.